लेखांतून व्यवसायाचा प्रसार करून देणारी सेवा : वर्षभरानंतरचे मत

आमचा व्यवसाय पाण्याच्या पंपांची दुरुस्ती आणि देखभाल करण्याचा आहे. घरातल्या लहान पंपापासून कारखान्यात चोवीस तास चालणाऱ्या मोठ्या सेंट्रिफ्युगल पंपापर्यंत सगळी कामे आम्ही घेतो, आणि आजवर आमची बहुतेक गिऱ्हाइके एकाने दुसऱ्याला सांगितल्यामुळेच आमच्याकडे आली. अशी तोंडी प्रसिद्धी फार मोलाची असते, पण ती ओळखीच्या माणसांपलीकडे सहसा पोहोचत नाही. म्हणून गेल्या वर्षी आम्ही लेखांच्या माध्यमातून व्यवसायाचा प्रसार करून देणाऱ्या एका सेवेशी, ज्याला या क्षेत्रात आर्टिकल मार्केटिंग म्हणतात त्या कामासाठी, सहा महिन्यांचा करार केला. तो करार संपूनही आता सहा महिने झाले आहेत. लेखांचा परिणाम उशिरा दिसतो, त्यामुळे मत मांडण्यासाठी मी मुद्दाम एवढा वेळ घेतला.

या सेवेचे नाव मी देणार नाही. तिच्याविषयी माझ्या काही गंभीर तक्रारी आहेत, त्यांतल्या काहींचे निवारण तिने मनापासून केले आहे, आणि तिने आम्हाला जे विकले तेच, जवळजवळ त्याच शब्दांत, विकणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. आपल्या व्यवसायासाठी अशी सेवा घेऊ पाहणाऱ्याला करारावर सही करण्यापूर्वी काय विचारावे आणि काय तपासावे हे कळावे, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

करारात चार गोष्टी होत्या. महिन्याला दोन याप्रमाणे बारा लेख, त्याआधी लोक शोधयंत्रात कोणते शब्द टाकून आमच्यासारख्यांना शोधतात याचा अभ्यास, लेख आमच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झाल्यावर त्याचे इतर दोनशे ठिकाणी ‘वितरण’, आणि महिनाअखेरीस एक अहवाल. पहिल्या बैठकीत सगळा भर त्या दोनशेच्या आकड्यावर होता. लेखांविषयी आम्हाला प्रश्न विचारले गेले ते दोनच : तुम्ही कोणकोणत्या सेवा देता आणि तुमचे प्रतिस्पर्धी कोण आहेत. त्या वेळी मला हे खटकले नाही. आज मला अशी एखादी सेवा पारखायची असेल, तर लिहायला बसण्यापूर्वी ते लोक मला किती आणि कसले प्रश्न विचारतात, हे मी सर्वांत आधी पाहीन.

वितरणाचा हा आग्रह कुठून आला हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते. १९९८ साली गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी शोधनिकालांत पानांचा क्रम लावण्यासाठी पेजरँकची पद्धत मांडली. एका पानाने दुसऱ्या पानाचा दुवा देणे म्हणजे त्या पानाच्या बाजूने दिलेले एक प्रकारचे मत, असा तिचा गाभा होता, आणि साहजिकच दुवे मिळवण्याला महत्त्व आले. १९९९ साली सुरू झालेल्या ईझिनआर्टिकल्ससारख्या लेखसंग्रहांनी या गरजेची सोय केली. व्यावसायिकाने आपला लेख विनामूल्य द्यायचा, तो इतर कोणीही विनामूल्य पुन्हा छापायचा, अट एवढीच की लेखाखालची लेखक-परिचयाची चौकट आणि तिच्यातला व्यवसायाचा दुवा जसाच्या तसा ठेवायचा. मूळ व्यवहार प्रामाणिक होता आणि त्यात वाचकाचाही फायदा होता. पुढे मात्र वाचक बाजूला पडला आणि लेख शोधयंत्रासाठी लिहिले जाऊ लागले. एकाच लेखातले शब्द फिरवून त्याच्या शेकडो आवृत्त्या काढणारी सॉफ्टवेअर आली, ज्याला या धंद्यात स्पिनिंग म्हणतात.

हलक्या दर्जाचा मजकूर शोधनिकालांत खाली ढकलण्यासाठी फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने केलेला बदल पांडा या नावाने ओळखला जातो. अमेरिकेतल्या ११.८ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल, असे गूगलने तेव्हा स्वतःच जाहीर केले होते. त्या बदलाने लेखसंग्रहांचे कंबरडे मोडले. एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन हा तसाच दुसरा बदल आला, त्याचा रोख कृत्रिम रीतीने मिळवलेल्या दुव्यांवर होता. याहूने २०१० मध्ये विकत घेतलेला असोसिएटेड कंटेंट हा लेखांचा मोठा उद्योग याहू व्हॉइसेस या नावाने काही वर्षे चालला आणि २०१४ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी स्क्विडू हे लेखांचे आणखी एक संकेतस्थळ हबपेजेस या तशाच संकेतस्थळाच्या ताब्यात गेले. मे २०१७ मध्ये गूगलने पुन्हा एकदा बजावले की, मुख्यतः दुवे मिळवण्याच्या हेतूने मोठ्या प्रमाणावर ठिकठिकाणी लेख छापून आणणे हे नियमांविरुद्ध आहे. हे सगळे इतकी वर्षे उघड असूनही आम्हाला विकलेल्या सेवेतला सर्वांत ठळक भाग नेमका तोच होता, आणि हे मला करार झाल्यानंतर कळले. तो अभ्यास मी आधी करायला हवा होता.

आता लेखांविषयी. पहिला लेख दोन आठवड्यांनी हाती आला. ‘पंप हा आधुनिक मानवी जीवनाचा अविभाज्य घटक आहे’ असे त्याचे पहिले वाक्य होते. पुढे पाण्याचे महत्त्व, मग पंपांचे प्रकार, मग नियमित देखभालीचे फायदे आणि शेवटी आमचा दूरध्वनी क्रमांक. ‘पंप दुरुस्ती सेवा’ हे शब्द मी मोजले, ते चौदा वेळा आले होते. लेखात खोटे काही नव्हते, शुद्धलेखन चोख होते, पण आमचे नाव काढून दुसऱ्या कोणाचेही घातले असते तरी एक अक्षर बदलावे लागले नसते. पंप बिघडलेल्या माणसाला त्यातून काहीही करता आले नसते. आमच्याकडे बावीस वर्षे काम करणाऱ्या फिटरना मी तो वाचायला दिला. त्यांनी शांतपणे शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, “साहेब, यात चुकीचं काही नाही. पण पंप उघडून बघितलेल्या माणसानं हे लिहिलेलं नाही.”

तो लेख मी परत पाठवला आणि लिहिणाऱ्याने एकदा प्रत्यक्ष कार्यशाळेत यावे असे कळवले. सेवेच्या व्यवस्थापकांनी याला खळखळ केली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पुढच्या आठवड्यात त्यांनी एका दुसऱ्या लेखिकेला पाठवले. त्या दोन तास बसल्या, संभाषण ध्वनिमुद्रित करण्याची परवानगी त्यांनी आधी मागितली, आणि त्यांचा फिटरना पहिला प्रश्न होता, “काका, फोन आला की समोरचा माणूस पहिलं वाक्य काय बोलतो?” फिटरनी क्षणाचाही विचार न करता सांगितले, “पंप चालू आहे, पण पाणी येत नाही.” तेच त्या लेखाचे शीर्षक झाले. शब्दांच्या अभ्यासासाठी आम्हाला जो वीस पानी तक्ता आधी मिळाला होता, त्यात हे वाक्य कुठेही नव्हते, आणि आज आमच्या संकेतस्थळावर सर्वाधिक लोक ज्या शोधातून येतात त्यांत हेच शब्द थोड्याफार फरकाने आढळतात.

हा लेख मी जरा तपशिलात सांगतो, कारण अशा सेवेकडून नेमके काय मिळायला हवे ते त्यात दिसते. लेखाची सुरुवात ‘आधी मेन स्विच बंद करा’ या वाक्याने होते. मग पंपाचे प्रायमिंगचे, म्हणजे सुरू करण्याआधी पाणी भरण्याच्या जागेचे, बूच उघडून आत पाणी ओतायला सांगितले आहे, आणि ते काठोकाठ भरल्यावर दहा मिनिटे थांबायला सांगितले आहे. पातळी खाली गेली तर बिघाड बहुधा नळीच्या तळाशी असलेल्या, पाणी परत खाली उतरू न देणाऱ्या फूट व्हॉल्व्हमध्ये आहे, त्यात कचरा अडकला आहे किंवा त्याचा वॉशर झिजला आहे. पातळी जागच्या जागी राहिली आणि तरीही पंप सुरू केल्यावर पाणी येत नसेल, तर ओढणाऱ्या बाजूच्या एखाद्या सांध्यातून किंवा ग्लँडमधून, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतीच्या गळतीरोधक जागेतून, पंप हवा घेतो आहे का ते पाहावे. त्यानंतरचा परिच्छेद मला सर्वांत आवडतो. पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, प्रत्यक्षात तो फक्त नळीतला दाब कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब जास्तीत जास्त १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरू शकतो, आणि घर्षण व इतर तूट जमेस धरली तर व्यवहारात सहा-सात मीटरच हाती लागतात. त्यामुळे पाण्याची पातळी पंपापासून याहून खोल गेली असेल, तर कितीही दुरुस्ती केली तरी तो पंप पाणी उचलणार नाही, आणि अशा वेळी आम्हाला दुरुस्तीसाठी बोलावू नका, पंपाचा प्रकार बदलण्याविषयी विचारा, असे लेखात स्पष्ट लिहिले आहे. पाण्याविना पंप चालत ठेवल्यास दांड्याभोवतीची गळती रोखणारा मेकॅनिकल सील जळतो हा इशाराही योग्य जागी आला आहे.

लेखाचा मसुदा वाचून फिटरच अस्वस्थ झाले. “साहेब, एवढं सगळं लिहून टाकलं, तर आपल्याला बोलावणार कोण?” हा प्रश्न रास्त होता आणि माझ्याही मनात तो होता. अनुभव उलटा आला. ज्यांची अडचण बूच उघडून पाणी भरण्याने सुटली, त्यांचे काम आम्हाला मिळाले नाही हे खरे आहे, पण ते काम मुळात फारसे नव्हतेच. बाकीचे लोक फोन करू लागले तेव्हा त्यांचे बोलणे बदललेले होते. “पाणी भरलं, दहा मिनिटांत उतरलं” असे कोणी सांगितले की फिटर पहिल्याच खेपेला फूट व्हॉल्व्ह सोबत घेऊन निघतात. आमच्या धंद्यात सुटा भाग आणण्यासाठी मारावी लागणारी दुसरी खेप हा मोठा तोटा असतो, आणि तो या एका लेखाने बराच कमी केला.

पुढच्या अकरापैकी सहा लेख त्याच लेखिकेने लिहिले आणि ते सहाही ठेवण्याजोगे आहेत. उरलेले पाच इतरांनी, कार्यशाळेत पाऊल न ठेवता लिहिले. त्यांतले दोन आम्ही नाकारले, दोन मी स्वतः अर्ध्याहून अधिक दुरुस्त केले, आणि एक घाईत तसाच प्रसिद्ध झाला, तो आता काढून टाकला आहे. एकाच सेवेत, एकाच मोबदल्यात, कामाच्या दर्जात एवढी तफावत असणे ही माझी मोठी तक्रार आहे. सेवेच्या नावाकडे पाहून निर्णय घेऊ नका, तुमचे लेख प्रत्यक्ष कोण लिहिणार आहे ते विचारा, त्या व्यक्तीचे आधीचे दोन लेख मागवून वाचा, आणि शक्य असेल तर तिचे नाव करारात घाला.

नावावरून आठवले. तिसऱ्या लेखाखाली मला एका ‘वरिष्ठ पंपतज्ज्ञा’चे नाव, छायाचित्र आणि पंचवीस वर्षांच्या अनुभवाचा परिचय छापलेला दिसला. असा कोणी माणूस आमच्याकडे नव्हता, आणि चौकशी केल्यावर कळले की तो कुठेच नव्हता. वाचकाचा विश्वास बसावा म्हणून असे करतात, आणि गूगलही आता लेखकाचा अनुभव पाहते, असे मला सांगण्यात आले. मजकुराच्या मूल्यमापनासाठी गूगलने आपल्या परीक्षकांना दिलेल्या निकषांत डिसेंबर २०२२ मध्ये अनुभवाची भर पडली, ही गोष्ट खरी आहे. त्याचा अर्थ अनुभवी माणूस कल्पनेतून निर्माण करावा असा कसा होऊ शकतो, हे मला आजही कळत नाही. मी त्याच दिवशी ते नाव काढायला लावले. आता लेखांखाली ‘माहिती’ म्हणून आमच्या फिटरचे नाव त्यांच्या संमतीने असते आणि ‘लेखन’ म्हणून लेखिकेचे. ज्यांनी लेख वाचलेला असतो ते लोक फोनवर फिटरचे नाव घेऊन त्यांनाच पाठवा म्हणतात. विश्वासासाठी लागणारा माणूस आमच्या कार्यशाळेतच होता, फक्त त्याला कोणी विचारले नव्हते.

वितरणाची गोष्ट याहून वाईट निघाली. करारातला तो भाग मी सुरुवातीला थांबवला नव्हता, कारण त्याने नुकसान काय होणार असे वाटले होते. चौथ्या महिन्यात मी सहज आमच्या व्यवसायाचे नाव शोधून पाहिले आणि कधी न ऐकलेल्या कित्येक संकेतस्थळांवर आमचा तो पहिला चांगला लेख वेगवेगळ्या वेषांत सापडला. ‘पंप हवा घेतो’ याचे ‘यंत्र वारा स्वीकारते’ झाले होते. फूट व्हॉल्व्हची ‘पाऊल झडप’ झाली होती. ‘मेन स्विच बंद करा’ हे वाक्य एका ठिकाणी ‘प्रमुख कळ मिटवा’ असे होते आणि दुसऱ्या ठिकाणी पार गळून गेले होते. हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. विजेच्या यंत्राला हात लावण्याआधीची ती सूचना होती, आणि ती नसलेल्या मजकुराखाली आमचे नाव व दूरध्वनी क्रमांक होता. कोणी तो वाचून पंप उघडायला गेला असता तर?

मी सेवेला लेखी कळवून वितरण थांबवले आणि ते सगळे लेख काढून घ्यायला सांगितले. त्यांनी प्रयत्न केले, बरीच पाने निघाली, काही अजून आहेत, कारण त्या संकेतस्थळांचे चालक पत्रांना उत्तरच देत नाहीत. अशा दुव्यांमुळे आमच्या संकेतस्थळाला फटका बसेल का, ही दुसरी काळजी होती. ऑक्टोबर २०१२ पासून गूगलने नको असलेले दुवे नाकारण्यासाठी एक साधन उपलब्ध करून दिले आहे, पण बहुतेक संकेतस्थळांना त्याची गरज पडत नाही असे गूगल स्वतःच सांगते. सप्टेंबर २०१६ नंतरचा पेंग्विन असे दुवे मुख्यतः निकामी ठरवतो, पूर्ण संकेतस्थळाला शिक्षा करत नाही. त्यामुळे आम्ही ते साधन वापरले नाही आणि आजवर वेगळा दुष्परिणाम दिसलेला नाही. याचा दुसरा अर्थ असा की, दोनशे ठिकाणच्या ज्या दुव्यांसाठी आम्ही मोबदला मोजला, त्यांचे वजन जवळपास शून्य होते.

लेख दुसरीकडे छापून आणणे हीच गोष्ट वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. या सेवेने आमच्यासाठी केलेल्या सर्वोत्तम कामांपैकी एक याच प्रकारचे होते. इमारतींची देखभाल पाहणाऱ्या व्यवस्थापकांसाठी निघणाऱ्या एका व्यावसायिक मासिकाच्या संपादकांना लेखिकेने एक विषय सुचवला, पंपाचा वर्षभराचा देखभाल-तक्ता कसा ठेवावा हा, आणि तो लेख त्या मासिकासाठी स्वतंत्रपणे लिहिला. संपादकांनी त्यावर सात शंका काढल्या, त्यांतल्या दोन फारच नेमक्या होत्या, त्यामुळे लेख मूळच्यापेक्षा चांगला झाला. एका जागी, योग्य वाचकांपुढे आलेल्या त्या लेखातून आम्हाला देखभालीची दोन वार्षिक कंत्राटे मिळाली. दोनशे ठिकाणच्या वितरणातून, आमच्या नोंदीप्रमाणे, एकही काम आले नाही.

याच संदर्भात आणखी एक बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. सेवेने नंतर एका संकेतस्थळावर मोबदला देऊन लेख छापण्याचा प्रस्ताव आणला. तो आम्ही एका अटीवर मान्य केला : लेख जाहिरात म्हणून छापला आहे हे वाचकाला दिसले पाहिजे आणि दुव्यावर तशी खूण असली पाहिजे. दुवा मोजू नये असे सांगणारी ‘नोफॉलो’ ही खूण २००५ पासून आहे, आणि मोबदल्याच्या दुव्यांसाठी ‘स्पॉन्सर्ड’ ही वेगळी खूण गूगलने सप्टेंबर २०१९ मध्ये आणली. अट ऐकून त्या संकेतस्थळाने नकार दिला. ते बरेच झाले.

मासिक अहवालाविषयी थोडक्यात सांगतो. अहवाल देखणा असे, पण त्यात ठळक अक्षरांत असे ते आमची पाने शोधनिकालांत किती वेळा दिसली याचा आकडा आणि ‘डोमेन ऑथॉरिटी’ किती वाढली याचा आलेख. पहिला आकडा म्हणजे केवळ दर्शन, कोणी क्लिक केले असे त्यातून ठरत नाही. दुसरा म्हणजे संकेतस्थळ शोधनिकालांत किती वर येऊ शकेल याचा अंदाज देणारा, मॉझ या कंपनीने तयार केलेला निर्देशांक आहे, गूगल तो वापरत नाही. आम्ही गूगलच्या सर्च कन्सोल या साधनाची परवानगी स्वतःकडे घेतली. कोणत्या शब्दांवरून किती जण आले आणि आपले पान सरासरी कितव्या क्रमांकावर दिसते हे तिथे संकेतस्थळाच्या मालकाला विनामूल्य पाहता येते. त्याहून उपयोगी ठरली ती फोनजवळ ठेवलेली एक साधी वही. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘आमची माहिती कुठून मिळाली’ हे विचारायचे आणि उत्तर त्याच्याच शब्दांत लिहायचे, एवढाच नेम ठेवला. पहिले तीन महिने त्या वहीत लेखाचे नावही आले नाही. चौथ्या महिन्यापासून तुरळक नोंदी दिसू लागल्या आणि करार संपल्यानंतर त्या वाढत गेल्या. बारा लेखांपैकी तीन लेखांनीच जवळजवळ सगळे काम आणले, आणि ते तिन्ही लेख गिऱ्हाइकाच्या तोंडच्या वाक्याने सुरू होणारे आहेत.

वहीत एक नोंद वारंवार दिसते, ती अशी की ‘मेहुण्यांनी लेख पाठवला’, ‘ऑफिसातल्या एकाने पाठवला’. म्हणजे लेख पुन्हा तोंडी प्रसिद्धीच्याच वाटेने फिरतो आहे, फक्त आता सांगणाऱ्याजवळ पाठवायला काहीतरी आहे. आमच्या कार्यालयात फोन घेणाऱ्या ताईही तेच करतात. बिघाड समजावून सांगण्यात पूर्वी त्यांची दहा मिनिटे जात, आता त्या लेख पाठवतात आणि ‘वाचून झाल्यावर पुन्हा फोन करा’ म्हणतात. नव्या मुलांना काम शिकवताना फिटरही हेच लेख वाचायला देतात. यांतले काहीही त्या सेवेच्या अहवालात कधी आले नाही, आणि येणे शक्यही नव्हते.

पाचव्या महिन्यात सेवेने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने महिन्याला चाळीस लेख देण्याची योजना पुढे केली. लिहिण्यासाठी असे साधन वापरण्याला माझा तत्त्वतः विरोध नाही, गूगलचाही नाही. मार्च २०२४ मध्ये त्यांनी जे नियम कडक केले ते वाचकाच्या उपयोगाचा विचार न करता घाऊक प्रमाणात मजकूर काढण्याविरुद्ध आहेत, मग तो माणसाने लिहिलेला असो की यंत्राने. पण चाळीस लेख भरतील एवढे सांगण्यासारखे आमच्या फिटरकडे महिन्याला नसते. त्यांच्याकडे एखादा चांगला विषय असतो, कधी दोन. प्रस्ताव आम्ही नाकारला आणि त्यांनी तो पुन्हा काढला नाही.

करारातले एक कलम मात्र प्रत्येकाने आधीच वाचावे असे आहे. लेखांचे हक्क सेवेकडे राहतील आणि करार चालू असेपर्यंत ते वापरण्याची मुभा आम्हाला असेल, असे त्यात होते. म्हणजे करार संपला की आमच्याच फिटरने सांगितलेली माहिती आमच्याच संकेतस्थळावरून उतरवावी लागली असती. वकिलांना दाखवून आम्ही ते बदलून घेतले : मोबदला चुकता होताच लेखाचे सर्व हक्क आमच्याकडे, आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रतही. सेवेने फारशी घासाघीस न करता हे मान्य केले, यावरून मला वाटते की पुष्कळ गिऱ्हाइके ते कलम वाचतच नसावीत.

ज्यांना पुढच्या महिन्यातच गिऱ्हाइके हवी आहेत, त्यांनी या वाटेला जाऊ नये. त्यांना सरळ जाहिरात बरी. ज्यांच्याकडे दोन तास बसून बोलायला तयार असा जाणता माणूस नाही, किंवा त्याला तेवढी मोकळीक देण्याची मालकाची तयारी नाही, त्यांच्यासाठीही या सेवेचा उपयोग थोडा. आमच्याकडे असा माणूस होता, लेखिका चांगली मिळाली, आणि तेवढ्या भागापुरती ही सेवा मोबदल्याच्या पुरेपूर तोलाची ठरली. वितरणासाठी दिलेला मोबदला वाया गेला आणि कल्पित तज्ज्ञाचा प्रकार क्षमा करण्यासारखा नव्हता. पण दोन्ही बाबतींत चूक दाखवल्यावर त्यांनी वाद न घालता ती दुरुस्त केली, म्हणून संबंध तोडावेत असे वाटले नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही नवा करार केला आहे. महिन्याला एकच लेख, लेखिका त्याच, प्रत्येक लेखाआधी कार्यशाळेत मुलाखत सक्तीची, वितरण अजिबात नाही आणि अहवालाऐवजी दर तीन महिन्यांनी आमच्या वहीवर एकत्र बसून चर्चा. पहिला विषय फिटरनी स्वतः सुचवला आहे. इम्पेलरच्या, म्हणजे पंपातल्या पाणी फेकणाऱ्या फिरत्या चाकाच्या, तोंडाशी दाब फार उतरला की पाण्यात बुडबुडे होतात, ते फुटताना पंपात खडी फिरल्यासारखा आवाज येतो, आणि लोक बेअरिंग गेले समजून भलताच भाग बदलतात. तो आवाज शब्दांत नीट सांगता येणार नाही असे त्यांचे म्हणणे आहे, म्हणून येत्या सोमवारी लेखिका येतील तेव्हा दुरुस्तीला आलेला तसा एक पंप ते उघडण्यापूर्वी चालू करून ऐकवणार आहेत, आणि त्याचे ध्वनिमुद्रण लेखासोबत द्यायचे ठरले आहे.